सातव्या फाइलची पहिली ओळ

१

‘संकलक?’ बाईंनी विचारलं.

‘कोरं आहे,’ लेक म्हणाली.

‘पुढची नोंद.’

‘गुण्या. सुतारकाम. काटकोन तपासण्याचं साधन. व्याख्या बरोबर, उदाहरण बरोबर. संकलक कोरं.’

‘पुढची.’

‘धोटा. विणकाम. आडवा धागा इकडून तिकडे नेणारी…’

‘संकलक सांग.’

‘कोरं.’

रुग्णालयातल्या त्या खोलीत मी फळांची पिशवी मांडीवर घेऊन स्टुलावर बसलो होतो. ती कुठे ठेवायची हे विचारायला मला फट सापडत नव्हती. बाईंची दृष्टी जाऊन वर्ष झालं होतं. कोशाचं शेवटचं मुद्रित त्या दिवशी दुपारी आलं होतं आणि लेक ते त्यांना वाचून दाखवत होती. धंद्यांमधल्या शब्दांचा तो कोश. सुतार, विणकर, नावाडी, लोहार, चांभार आपसात काय बोलतात ते बाईंनी बेचाळीस वर्षं त्यांच्या दारात बसून टिपलं होतं. प्रत्येक नोंदीखाली तो शब्द कोणी मिळवला त्याचं नाव छापायचं ठरलं होतं. आधीच्या दोन्ही मुद्रितांत बाईंचं नाव जागच्या जागी होतं. या मुद्रितात इतर सहा संकलकांची नावं होती. बाईंचं एकही नव्हतं.

लेक न थकता वाचत होती. पन्नाशीची बाई, पोस्टात खिडकीवर बसणारी. आवाज एकसुरी, स्पष्ट. बावन्न पानं झाली तेव्हा बाईंनी हात वर केला. हातावर सुयांचे निळे डाग होते.

‘शोधक, आहात ना अजून?’

मला सगळे शोधक म्हणतात. मी त्या संस्थेत तीस वर्षं मुद्रितशोधक होतो, एवढाच त्याचा अर्थ.

‘आहे, बाई.’

‘बुधवारी सकाळी आठला छपाई आहे. गुरुवारचं डॉक्टर काही बोलत नाहीत. माझं नाव कोणी काढलं ते शोधा, परत घाला, आणि कोण ते मला येऊन सांगा. गुळमुळीत नको. नेहमीसारखं.’

मी चुका शोधत आलो, माणसं नाही. असं काहीतरी मी म्हणालोही असेन, पण तोंडातल्या तोंडात.

दारापर्यंत लेक सोडायला आली. माझ्या हातातली पिशवी तिने काढून घेतली, मला किती बरं वाटलं. ‘सापडेल हो काका,’ ती म्हणाली. ‘प्रत्येक गोष्टीला कुठेतरी पत्ता असतोच.’

२

मंगळवारी सकाळी संस्थेत पोचलो तेव्हा वहिनी आपल्या टेबलाचा खण रिकामा करत होत्या. कंगवा, चष्म्याची डबी, दोन पेनं, मुलांचा फोटो. कोशाची अक्षरन् अक्षर टंकलेली ही बाई. सगळे तिला वहिनी म्हणत, कोणाची वहिनी ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

‘मला काढलंय,’ त्या म्हणाल्या. ‘शेवटचं मुद्रित मी काढलं, म्हणजे चूकही माझीच. साहेबांचा हिशेब सरळ असतो. त्यांना आडवं काही जमतच नाही, पोट सोडून.’

संपादकसाहेब आतून ओरडले, ‘ऐकू येतंय मला!’

‘यावं म्हणूनच बोलले!’

साहेबांनी मला आत बोलावून बसायला सांगितलं नाही. ‘शोधक, तुम्ही निवृत्त आहात. घरी बसा, पुस्तकं वाचा. कागद आलाय, यंत्र ठरलंय. नावांसाठी छपाई पुढे ढकलायची नाही.’

‘बाईंचं नऊ हजार नोंदींवर…’

‘नऊ हजार चारशे बारा. मला तोंडपाठ आहे, त्यांनी ऐकवलंय तितक्या वेळा.’ त्यांनी पेनाचं टोपण लावलं. ‘कोश पुढच्या आठवड्यात बांधून येईल. तोवर वाचायला बाई असतील? मेलेल्या माणसाला स्वतःचं नाव दिसत नसतं. यांना तर जिवंतपणीही दिसत नाही.’

यावर काय बोलायचं ते मला संध्याकाळी सुचतं. मी तिथून कंसाकडे गेलो.

कंस म्हणजे संगणक सांभाळणारा. मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला कोनी कंसात एक खूण लावायची, की यंत्राला कळतं हा शब्द, ही व्याख्या, हा माणूस. आयुष्य त्या कंसांत गेलं म्हणून हे नाव पडलं. बहिणीला मुलगा झाल्यापासून मात्र त्याला ते आवडेनासं झालं होतं.

‘काका, हे बघा.’ त्याने पडदा माझ्याकडे वळवला. ‘बाईंचं नाव फाइलीत आहे. एक नाही, नऊ हजार चारशे बारा. मी मोजलं. एकही खूण पुसलेली नाही.’

‘मग छापताना जातं कुठे?’

कंसाने डोळे चोळले. ‘तेच तर,’ तो म्हणाला. ‘जिथे आहे तिथून ते नाहीसं होतंय.’

३

मला त्या खुणांचं काही कळत नव्हतं, म्हणून मी विचारत राहिलो. म्हातारपणाचा हा एक फायदा. मूर्ख प्रश्नांचं कोणाला आश्चर्य वाटत नाही.

‘प्रत्येक खुणेआधी हे एक अक्षर आणि कोलन कशाला?’

‘घरात दोन बाळ असले तर हाक कशी मारता? थोरल्या जावेचा बाळ, धाकट्या जावेचा बाळ. शब्दालाही नाव, माणसालाही नाव. दोन्ही खुणा ‘नाव’ याच. खुणांच्या याद्या दोन वेगळ्या ठिकाणी झाल्या, आणि कोणी आपल्या बाळाचं नाव बदलायला तयार नाही. म्हणून ‘श’ लावलं की शब्दांच्या यादीतलं, ‘व’ लावलं की व्यक्तींच्या.’

‘नियमच असतील याचे.’

‘ढीगभर. खुणेच्या नावाची सुरुवात आकड्याने नको, मध्ये जागा सोडायची नाही, कोलन पाहिजे तिथे पेरायचा नाही. साहेबांना एकदा ‘१ ले संपादक’ अशी खूण हवी होती. यंत्राने घेतली नाही. साहेबांनी यंत्राला कारणे दाखवा नोटीस काढायला सांगितली.’

‘आणि अनोळखी खूण आली तर?’

‘आधी यंत्र बोंब मारायचं. बाहेरून येणाऱ्या फाइलींत लोक काहीही घालतात, रोज बोंबाबोंब. साहेब वैतागले. आता यंत्र अनोळखी खूण मुकाट्याने गाळून पुढे जातं.’

बाईंची फाइल वेगळी होती. सात संकलकांच्या सात फाइली, प्रत्येकाचे शब्द त्याच्या फाइलीत. छापताना यंत्र सगळे एकत्र करून विषयवार लावत असे, सगळ्यांत आधी अवजारं. दुसऱ्या आणि शेवटच्या मुद्रितामधल्या पंधरवड्यात बाईंची फाइल चौघांनी उघडली होती. कंसाने तपासणीसाठी. वहिनींनी मुद्रित काढण्यासाठी. साहेबांनी सात दुरुस्त्या सांगितल्या, त्या कंसाशेजारी उभं राहून करून घेतल्या. आणि लेकीने. बाई दुरुस्त्या तोंडी सांगत, लेक त्या लिहून घेई आणि पोस्टातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून इथे येऊन स्वतः फाइलीत घाली.

‘माझ्यावर आईचा विश्वास नाही ना,’ वहिनी म्हणाल्या. ‘म्हणजे पोस्टवाल्या ताईंच्या आईचा. त्या आल्या की मला उठवून माझ्या खुर्चीत बसायच्या. बोलायच्या मात्र गोड.’

‘बाईंनी तुम्हाला कधी दुखावलं होतं?’

वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चष्मा पुसायला काढला.

‘चारशे नोंदी मला परत टंकायला लावल्या, का? तर म्हणे माझ्या कामाला घामाचा वास येतो. हे त्या सगळ्यांसमोर बोलल्या. माझा धाकटा तापाने फणफणला होता त्या आठवड्यात. मी सांगितलं तर म्हणतात, मुलं काय, बरी होतात.’

कंसाला विचारलं. तो हसला, पण लगेच थांबला. ‘माझ्या सहा वर्षांच्या कामाला त्या पाट्या रंगवणं म्हणाल्या. दिल्या घरी सुखी राहा म्हणून मी कोशाच्या शेवटी आभाराच्या यादीतसुद्धा माझं नाव मागितलं नाही.’

साहेबांना विचारायची हिंमत करायला मला दोन कप चहा लागला.

‘दुखावलं?’ ते म्हणाले. ‘बाईंनी मला प्रधान संपादक होऊ दिलं, कारण त्यांना सभा आवडत नाहीत. सत्कारात त्या भाषणात म्हणाल्या, आमचे संपादक कोशाच्या कव्हरासारखे आहेत, धूळ बसू देत नाहीत. लोक हसले. माझी बायकोही हसली.’ जरा वेळाने त्यांनी विचारलं, ‘तुम्ही होतात ना त्या दिवशी? तुम्हीसुद्धा हसलात?’

हसलो होतो.

तिघांना कारण होतं आणि चौघांचाही हात फाइलीपर्यंत पोचत होता. दुपारचे दोन वाजले. छपाईला अठरा तास उरले होते, आणि मला माझं काम सोडून दुसरं काही येत नव्हतं.

‘वहिनी,’ मी म्हणालो, ‘खण नंतर आवरा. माझ्याबरोबर वाचायला बसाल?’

४

जुन्या पद्धतीने मुद्रित दोघं मिळून तपासतात. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रतीवर बोट ठेवून ऐकायचं. वाचणाऱ्याने काहीही गाळायचं नाही. स्वल्पविराम, कोरी ओळ, पानाचा आकडासुद्धा. माणूस जिथे ‘हे तर ठाऊकच आहे’ म्हणतो तिथे चूक बसलेली असते, एवढंच मी तीस वर्षांत शिकलो.

‘अगदी पहिल्या ओळीपासून,’ मी कंसाला म्हणालो.

‘पहिली ओळ कोणी वाचत नाही, काका. पडद्यावर ती आम्ही घडी घालून ठेवतो. ती कोणी टंकतही नाही. नमुन्याच्या फाइलीवरून उचलायची नि चिकटवायची. सहा वर्षं तीच आहे.’

‘तीत असतं काय?’

‘ओळख. या फाइलीत ‘श’ म्हणजे कोण, ‘व’ म्हणजे कोण. ‘व’ हे नुसतं टोपणनाव, यंत्राला त्याच्याशी देणंघेणं नाही. यंत्र खरं नाव बघतं, आणि ते या ओळीत असतं. लांबलचक, वेबच्या पत्त्यासारखं दिसणारं.’

‘तो पत्ता उघडला की काय दिसतं?’

कंस आणि वहिनी दोघेही हसले. ‘काही नाही,’ वहिनी म्हणाल्या. ‘मीपण पहिल्या आठवड्यात हेच विचारलं होतं. यांनी महिनाभर माझी टिंगल केली. तो पत्ता नसतोच हो. नुसतं नाव. जगात दुसऱ्या कोणाचं तेच निघू नये म्हणून पत्त्यासारखं करायचं. तिथे घर नसतं, दार नसतं, काही नसतं.’

मी पहिल्या फाइलीची पहिली ओळ वाचली. संस्थेचं नाव, तिरकी रेघ, कोश, तिरकी रेघ, व्यक्ती. वहिनींचं बोट नमुन्यावरून सरकलं. बरोबर. दुसरी, तिसरी, चौथी. पाचवी, सहावी. कंस जांभई देत होता.

सातवी बाईंची होती.

‘व म्हणजे,’ मी वाचू लागलो आणि पुढचं माझ्या अपेक्षेप्रमाणे आलं नाही. तिथे संस्थेचं नावच नव्हतं. लोकांना वेबवर फुकटात पानं बनवून देणारी एक सेवा असते, तिचं नाव होतं. मग तिरकी रेघ, घर, तिरकी रेघ, आतली-खोली.

वहिनींचं बोट थांबलं.

‘परत वाचा,’ कंस म्हणाला. मी परत वाचलं. तो खुर्चीतून उठला, पुन्हा बसला. ‘म्हणजे बाईंच्या फाइलीत ‘व’ हे टोपणनाव दुसऱ्याच कोणाला चिकटवलंय. आपल्याला दिसतं व-नाव. यंत्राला दिसतं कोणीतरी परका. आणि परका दिसला की…’

‘यंत्र मुकाट्याने गाळतं,’ मी म्हणालो.

‘नऊ हजार चारशे बारा वेळा. एका ओळीने.’ त्याच्या आवाजात रागापेक्षा कौतुक होतं, ते मला आवडलं नाही.

त्याने नमुन्यावरून खरी ओळ उचलली आणि सातव्या फाइलीत चिकटवली. वहिनींनी चाचणीचं पान काढलं. गुण्या, धोटा, कानस. प्रत्येकाखाली बाईंचं नाव. साऱ्याला चार मिनिटं लागली.

बाईंचं अर्धं काम झालं होतं. मी तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं. पण काही तपासायचं राहिलं की मला झोप लागत नाही.

‘ते परकं नाव,’ मी म्हणालो, ‘ते उघडून बघता का?’

‘काका, आत्ताच सांगितलं ना, तिथे काही नसतं.’

‘माझ्या समाधानासाठी.’

कंसाने आधी खरं नाव उघडलं. पान सापडत नाही, असं आलं. ‘बघा,’ तो म्हणाला. मग त्याने ते दुसरं टंकलं आणि कळ दाबली.

पान उघडलं.

५

पांढऱ्या पानावर मधोमध एकच नोंद होती. आमच्याच कोशाच्या पद्धतीने मांडलेली, पण शब्दाची जागा मोकळी. तळाशी ती सेवा आपणहून दाखवते तो आकडा होता. या पानाला भेटी: १.

‘ती भेट आत्ताची आपली,’ कंस हळू म्हणाला.

साहेब दारात येऊन उभे होते. वहिनींनी नोंद मनातल्या मनात वाचली आणि पदराने तोंड पुसलं.

‘कोण?’ साहेबांनी विचारलं. ‘आणि माझ्याकडे बघू नका.’

‘तुम्ही नाही, साहेब,’ मी म्हणालो. ‘तुम्ही नाव काढलं असतंत तर तिथे स्वतःचं घातलं असतंत.’ हे माझ्या तोंडून कसं निघालं मला कळलं नाही. वहिनी खोकल्या. ‘शिवाय तुम्हाला पत्रसुद्धा दुसऱ्याकडून टंकून लागतं.’

‘मग हा!’ साहेबांनी कंसाकडे बोट केलं.

‘त्याला काहीही अक्षरं घालून चाललं असतं. खऱ्या नावापेक्षा वेगळी, एवढं पुरे. तिथे पान लागत नाही हे त्याला पक्कं माहीत. जाणणारा माणूस तिथे पान बनवायला जाणार नाही. उलट त्यामुळे माग राहतो. वहिनींनाही माहीत. पहिल्याच आठवड्यात टिंगल झाल्यावर माणूस विसरत नाही.’

‘मग उरलं कोण?’

‘ज्याने हे सगळं एकट्याने, चोरून शिकून घेतलं. सगळं बरोबर शिकला, फक्त एक गोष्ट विचारायला कोणी नव्हतं. पत्ता दिसतो तर तिथे कोणीतरी असायलाच हवं, असं त्याला वाटलं. ज्याचं आयुष्य पत्त्यांमध्ये गेलं त्यालाच असं वाटेल. ज्या पत्त्यावर कोणी नसतं तिथलं पत्र शिक्का मारून परत येतं, हे रोज खिडकीवर बघणाऱ्याला.’

कंस उठून कपाटाकडे गेला आणि तिथली एक मोकळी फट बघत राहिला. ‘पोस्टवाल्या ताई माझं पुस्तक घेऊन गेल्या,’ तो म्हणाला. ‘जानेवारीत. म्हणाल्या, आईचं काम समजून घ्यायचंय.’

‘तिला अडकवायला दुसऱ्या कोणी हे पान केलं असेल तर?’ साहेब म्हणाले. प्रश्न चांगला होता.

‘मग ते लोकांना दिसेल अशा जागी ठेवलं असतं, साहेब. इथे कोणी येत नाही हे आपण सगळे जाणतो. न जाणणारी ती एकटीच.’

साहेबांनी नोंद वाचायला चष्मा लावला. वाचून झाल्यावर त्यांनी तो काढून खिशात ठेवला आणि बराच वेळ खिसा चाचपत राहिले.

‘छपाई होऊ द्या ठरल्या वेळी,’ ते म्हणाले. ‘नावासकट. वहिनी, तुम्ही तो खण…’

‘आधी माफी मागा.’

‘वहिनी, माफ करा.’

‘जोरात. मघाशी तुम्हाला आतून बरं ऐकू येत होतं.’

त्यांनी जोरात मागितली. मी पानाची प्रत काढून घडी केली आणि खिशात ठेवली. बाईंनी सांगायला बजावलं होतं. न सांगण्याइतकं धैर्य माझ्यात नव्हतं.

६

खोलीत लेक बाईंना चमच्याने पेज भरवत होती. मला बघून तिने चमचा वाटीत ठेवला.

‘कोण आलं?’ बाईंनी विचारलं.

‘मी. बाई, तुमचं नाव परत आलं. सगळ्या नोंदींवर. उद्या आठला छपाई आहे.’

बाईंनी श्वास सोडला. इतका मोठा की मला वाटलं, संपलं. मग त्या म्हणाल्या, ‘कोण?’

मी लेकीकडे पाहिलं. ती माझ्याकडे शांतपणे बघत होती. रांगेतल्या पुढच्या माणसाकडे बघावं तशी.

‘सांगा ना काका,’ ती म्हणाली. ‘मी दोन दिवस वाट बघतेय.’

‘तू?’ बाई म्हणाल्या.

‘मी.’

‘का?’

‘काकांकडे कागद आहे. तो वाचतील. तुला माणसांचं बोलणं कळत नाही, नोंद कळते.’

मी घडी उलगडली. वाचलं:

‘शब्दाची जागा कोरी. स्त्रीलिंगी. परक्या दारात दिवसभर बसून शब्द ऐकणारी; आतल्या खोलीतली हाक तिला ऐकू येत नाही. उदाहरण: मला ताप आलाय. थांब, एवढी नोंद होऊ दे.’

बाहेर कोणीतरी चाकांची खुर्ची ढकलत नेली. तिचं एक चाक कुरकुरत होतं.

‘परत,’ बाई म्हणाल्या.

मी परत वाचलं. त्यांचे ओठ हलत होते. लेक पुढे वाकली. तिने पलंगाची कड दोन्ही हातांनी धरली होती.

‘व्याख्येत दोन विधानं झाली,’ बाई म्हणाल्या. ‘व्याख्या एका विधानात बसवायची. आणि उदाहरणात ती कोण बोलतेय ते कळत नाही. कच्ची नोंद आहे.’

लेकीने पलंग सोडला.

‘कच्ची?’

‘घाईने केलेली.’

‘चाळीस वर्षं लागली मला ती करायला.’ तिचा आवाज तसाच एकसुरी होता. ‘तू अकरा महिने त्या नदीकाठी होतीस. नावाड्यांकडे. मी मावशीकडे होते. परत आलीस तेव्हा तुला दीडशे शब्द मिळाले होते, आणि मला शहाणी झाली म्हणून शाबासकी. मी टायफॉइडमधून उठले होते. तू आजवर त्याबद्दल विचारलं नाहीस. मावशीने पत्र टाकलं होतं. पोचलं नाही म्हणालीस.’

‘नव्हतं पोचलं.’

‘पोचलं होतं, आई. नाहीतर मावशीकडे परत आलं असतं. मी पोस्टात आहे.’

लेक माझ्याकडे वळली.

‘काका, एक विचारू? यंत्र तिथे जातं ना? माझ्या पानावर? दर नावाला एकदा?’ तिने ओठांवरून जीभ फिरवली. ‘मी हिशेब केला होता. नऊ हजार चारशे बारा वेळा कोणीतरी ते वाचणार. माणूस नसेना का, यंत्र तर यंत्र.’

मी मुद्रितशोधक. खोटं वाचून दाखवायची मला सवय नाही, आणि खरं सांगायची तर त्याहून नाही. मी कागदाकडे बघत राहिलो.

‘सांगा,’ बाई म्हणाल्या. ‘काय दिसलं ते सांगा.’

‘यंत्र कुठेही जात नाही,’ मी म्हणालो. ‘ते नुसतं नाव बघतं. भेट एकच आहे. ती आमची.’

लेकीने मान हलवली. दोनदा. मग ती उठली, वाटी धुतली, चमचा धुतला, दोन्ही पुसून कपाटात ठेवलं. आईची चादर ओढून नीट केली. पर्स घेतली. दारापाशी जाऊन तिने चपला पायांत न घालता हातात घेतल्या आणि तिथेच उभी राहिली. मी काही बोलणार तेवढ्यात तिने ओठांवर बोट ठेवलं.

दार तिने एकदा उघडून आतूनच मिटलं होतं. बाईंनी ते ऐकलं.

‘गेली?’

लेक माझ्याकडे बघत होती. पोस्टाच्या खिडकीतून नाही. लहान मुलं शाळेच्या फाटकातून बघतात तशी. ती काय मागतेय ते मला कळलं. आपण नसताना आई आपल्याबद्दल काय म्हणते, तेवढंच. एक वाक्य.

‘गेली, बाई,’ मी म्हणालो. त्या दिवशीचं माझं एकमेव खोटं.

बाई छताकडे तोंड करून पडल्या होत्या. कपाळावर एक शीर उडत होती. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. लेकीने चपला छातीशी धरल्या होत्या. मी देव फारसा मानत नाही, पण त्या वेळी मी काहीतरी मागितलं.

‘शोधक,’ बाई म्हणाल्या.

‘हं, बाई?’

‘त्रेपन्नाव्या पानापासून राहिलंय. मुद्रित उशाशी आहे. वाचा.’

मी ऐकलंच नाही असं दाखवता आलं असतं. उठून जाता आलं असतं. बाईंना काय बोलायचं ते बोलता आलं असतं आणि मलाही. मी उशाखालून कागद काढले, त्रेपन्नावं पान शोधलं, चष्मा लावला.

‘वल्हं,’ मी वाचलं. ‘नावाडीकाम. पाणी मागे सारून…’

‘सावकाश,’ बाई म्हणाल्या.

मी सावकाश वाचलं. स्वल्पविराम, पूर्णविराम, काही गाळलं नाही. पान संपून मान वर केली तेव्हा दारात कोणी नव्हतं. ती केव्हा गेली ते मला सांगता येणार नाही. मी वाचत होतो.